निखाऱ्यावरची शेवंड आणि पहिले शील

गेल्या हिवाळ्यात आमच्या महिला मंडळाची सहल गणपतीपुळ्याला गेली होती. सतरा बायका, सहा मुले आणि सामान उचलायला दोघे पुरुष. रत्नागिरीहून आरे-वारेच्या रस्त्याने निघाले की डाव्या हाताला समुद्र आणि उजव्या हाताला डोंगर. गणपतीपुळ्याला देवळासाठी जाणारे पुष्कळ आहेत; आम्ही गेलो ते समुद्रासाठी. उतरलो होतो मालगुंडच्या बाजूला, माझ्या आत्याच्या घरी.

गावात शिरल्यापासून मुले एकच शब्द वाचत होती. बार्बेक्यू. हॉटेलांच्या पाटीवर तांबड्या शेवंडीचे चित्र आणि खाली हा शब्द. मुलांनी विचारले, "आत्याआजी, बार्बेक्यू म्हणजे काय गं?" आत्या म्हणाली, "शेगडीवर जाळी ठेवून भाजायचं. दुसरं काय?" झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघी आत्याबरोबर किनाऱ्यावर गेलो.

होडी नुकतीच लागली होती. मच्छीमाराच्या टोपलीत बांगडे होते आणि ओल्या गोणपाटाखाली तीन शेवंडी. दोन मध्यम, एक चांगली मोठी. मोठीला त्याने उलटे धरले, तर शेपटीच्या खाली नारिंगी दाण्यांचा गच्च घोस. आमच्यातली एक लगेच म्हणाली, "हीच घेऊ या, गाबोळी भरलीय!"

आत्या म्हणाली, "ती नको. ती परत टाक रे."

तो हसला. म्हणाला, "मावशे, टाकतो परत. पण माझ्या पाचशे रुपयांचं काय?"

त्याचे काय चुकले? पहाटे तीनला उठून समुद्रात जाणारा तो. डिझेलचे पैसे त्याचे, जाळे फाटले तर दुरुस्ती त्याची. आम्ही सहलीला आलेल्या बायका, आम्ही त्याला धर्म सांगायचा आणि नुकसान त्याने सोसायचे, हा कुठला न्याय? घरी जाऊन बाकीच्यांना सांगितले. प्रत्येकीने वीस रुपये काढले. सतरा जणींचे तीनशे चाळीस रुपये झाले. तेवढ्यावर तो तयार झाला. खडपाच्या बाजूला गुडघाभर पाण्यात जाऊन त्याने ती सोडली. तिने शेपटी पोटाशी घेतली, एक झटका मारला आणि मागच्या मागे पाण्यात दिसेनाशी झाली. उरलेल्या दोन आम्ही विकत घेतल्या, भाजल्या आणि खाल्ल्या.

रात्री आवराआवर करताना आमच्यातल्या एका वयस्कर बाईंनी विचारले, "बाई, आपण एक सोडली आणि दोन खाल्ल्या. मग आपण पहिलं शील पाळलं की मोडलं?"

हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. आणि ज्यांना शेवंड कशी भाजायची एवढेच हवे आहे, त्यांच्यासाठीही आहे. दोन्ही गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत, असे माझे मत झाले आहे.

शेवंड ओळखा

परदेशी चित्रांत दिसते तशी मोठ्या नांग्यांची शेवंड आपल्या समुद्रात नसते. आपल्या शेवंडीला नांग्या नाहीत. तिच्या अंगावर काटे असतात आणि पुढे लांबलचक मिशा. मुंबई ते रत्नागिरी या पट्ट्यात चिखलाच्या तळावर राहणारी, शेपटीवर फिकट आडवे पट्टे असलेली हिरवट जात जास्त मिळते. खडपाच्या कपारीत राहणारी दुसरी जात आहे. शिवाय काटे नसलेली, चपटी, वाळूवर राहणारी तिसरी. दिवसा ही दडून बसते, रात्री बाहेर पडून शिंपले, गोगलगायी खाते.

मादी अंडी घालून मोकळी होत नाही. पिल्ले बाहेर पडेपर्यंत ती अंडी शेपटीखाली चिकटवून वागवते. मोठ्या मादीकडे अंडी लाखांच्या घरात असतात. सुरुवातीला नारिंगी, पिल्ले सुटायच्या वेळी तपकिरी. पिल्लू काचेच्या पानासारखे पारदर्शक असते आणि कित्येक महिने उघड्या समुद्रात वाहत राहते. त्यांतली बहुतेक मरतात. म्हणून तर अंडी इतकी असतात. कोंबडीसारखी अंडी उबवून काटेरी शेवंडीचे उत्पादन घेण्याचा धंदा आपल्याकडे उभा राहिलेला नाही. समुद्रात जे आहे तेवढेच.

मी कारकून बाई, दिवसभर जमाखर्चाच्या वह्यांत डोके घालून बसणारी. माझ्या भाषेत सांगायचे तर समुद्रातल्या माद्या हे मुद्दल आहे आणि दरवर्षी वाढून येणारी शेवंड हे व्याज. व्याज खाणाऱ्याचे घर चालते. मुद्दलाला हात घातला की एक-दोन वर्षे चैन होते आणि मग खाते बंद होते.

मुंबईसमोर खाते बंद झाले

हे नुसते बोलणे नाही. मुंबईसमोरच्या समुद्रात चपटी शेवंड एके काळी भरपूर होती. १९७० नंतरच्या दशकात तळ खरवडणारे ट्रॉलर वाढले, परदेशी बाजार मिळाला, आणि लहान-मोठी, अंड्याची-बिनअंड्याची, सगळी उपसून काढली गेली. १९९४ च्या सुमारास ती मासेमारी कोसळली. केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या घटनेचा अभ्यास करून तो प्रसिद्ध केला आहे. ट्रॉलरच्या मालकाने दुसरी मासळी धरली. पण ससून डॉकवर मासळी निवडणाऱ्या, साफ करणाऱ्या बायकांच्या हातचे तेवढे काम गेले ते गेलेच.

त्यानंतर सरकारला थोडी जाग आली. २००३ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने निर्यातीसाठी किमान वजने ठरवली. आपल्या हिरवट शेवंडीला ३०० ग्रॅम, खडपातल्या शेवंडीला २०० ग्रॅम, चपटीला १५० ग्रॅम. याहून लहान शेवंड परदेशी पाठवता येत नाही. पण हा नियम निर्यातीचा आहे. परदेशी पाठवायला नाकारलेली लहान शेवंड इथल्याच हॉटेलच्या ताटात येऊन पडली, तर त्या नियमाने तिला काय संरक्षण मिळाले? महाराष्ट्रात सागरी मासेमारीचा कायदा १९८१ चा आहे. त्याखाली पावसाळ्यात यांत्रिक नौकांना बंदी असते. २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या मासळीची किमान मापे जाहीर केली. कायदे आहेत. पण सोमवारच्या बाजारात पाटीसमोर उभे राहून माप कोण पाहते? पाहिले तर गिऱ्हाइकानेच पाहायचे.

घेताना काय पाहावे

एक: उलटी करून शेपटीखाली पाहा. नारिंगी किंवा तपकिरी दाणे दिसले तर ती घेऊ नका. अंडी वर्षात केव्हाही असू शकतात, तेव्हा दर वेळी पाहा. काही जण अंडी खरवडून टाकतात आणि विकतात. मादी ओळखायची खूण अशी, की तिच्या शेवटच्या पायांच्या टोकाला बारीक चिमटा असतो. नराला तो नसतो. शेपटीखालचे पंख ओरखडलेले, विस्कटलेले दिसले तर समजून घ्या.

दोन: तराजूवर ठेवा. ३०० ग्रॅमच्या आतली नको. लहान शेवंडीत मांस चमचाभर आणि बाकी सगळे कवच असते, म्हणजे पैशानेही तोटाच.

तीन: कवच दाबून पाहा. मऊ लागले तर तिने नुकतीच कात टाकली आहे. अशीचे मांस पाणचट असते.

चार: शेवंड जिवंतच घ्या. उचलल्यावर शेपटी जोरात आत ओढते ती ताजी. मेलेली शेवंड फार लवकर नासते. उग्र वास आला तर कितीही स्वस्त मिळो, घरी आणू नका. आणि ज्यांना कोळंबी-खेकड्याने अंगावर गांधी उठतात, घसा सुजतो, त्यांनी शेवंडीच्या वाटेला जाऊ नये.

पाच: मिळत असेल तर होडीवाल्याकडून घ्या. खडपाजवळ जाळे लावणाऱ्याला जाळ्यातून जिवंत शेवंड सोडवता येते आणि परतही टाकता येते. तळ खरवडून आणलेल्या ढिगात ती बहुधा चेंगरलेली असते.

आधी बर्फ, मग सुरी

आता अवघड गोष्ट. शेवंड जिवंत आणायची म्हणजे आपल्याच हाताने मारायची. अनेक ठिकाणी ती जिवंतच उकळत्या पाण्यात टाकतात किंवा तशीच जाळीवर ठेवतात. "तिला काय कळतं?" असे म्हणतात. बंधू-भगिनींनो, "त्यांना काय कळतं?" हे वाक्य आपण आपल्याबद्दलही ऐकलेले आहे. शास्त्रज्ञ आता म्हणतात, तिला कळते. स्वित्झर्लंडने २०१८ मध्ये शेवंडीला बधिर न करता जिवंत उकळायला बंदी केली. ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात शेवंड आणि खेकडे यांना वेदना जाणवणाऱ्या प्राण्यांत धरले.

आत्याची रीत अशी. घमेल्यात फोडलेला बर्फ, त्यात समुद्राचे पाणी. समुद्राचे नसेल तर मीठ घातलेले. गोड पाणी वापरू नये, त्यात ती तडफडते. शेवंड त्यात पूर्ण बुडवून अर्धा तास ठेवायची. पाय, मिशा, डोळे, काहीच हलत नाही हे पाहायचे. मग पाटावर पालथी ठेवून, जड आणि धारदार सुरीचे टोक डोक्याच्या मधोमध रोवून एका दमात पुढे चीर द्यायची, आणि फिरवून शेपटीपर्यंत दोन फाका करायच्या. हात थरथरत असेल तर हे काम करू नये, सवयीच्या माणसाला द्यावे. मुलांना तेव्हा दूर पाठवू नका, असे आत्या म्हणाली. खायला बसणार आहेत, तर पाहू दे.

शेगडीवरची शेवंड

साहित्य: सुमारे ४०० ग्रॅमच्या दोन शेवंडी. आले, लसूण, हिरवी मिरची आणि कोथिंबीर यांचे वाटण तीन चमचे. घरचा लाल मसाला एक चमचा. हळद पाव चमचा. कोकमाचे आगळ दोन चमचे. तेल दोन चमचे. मीठ बेताने, कारण आगळात मीठ असते.

कृती: फाका केल्यावर डोक्याच्या भागातली खडखडीत पिशवी आणि शेपटीतून जाणारी काळी शीर काढून टाकावी. कल्ले काढावेत. मांस धूत बसू नये, हलके पुसावे. वाटण, मसाला, हळद, आगळ आणि तेल कालवून त्यातले निम्मे मांसाला लावावे. पंधरा-वीस मिनिटे पुरे. जास्त वेळ ठेवले तर आगळाच्या आंबटाने मांस घट्ट होते.

शेगडीत करवंटीचे किंवा लाकडी कोळशाचे निखारे करावेत. ज्वाळ संपून निखाऱ्यावर राख चढली की मगच जाळी ठेवावी. जाळीच्या वर हात धरून चार-पाच अंक मोजता आले की आच बरोबर. फाका कवचाची बाजू खाली करून ठेवाव्यात. कवच हेच इथे भांडे आहे. सहा-सात मिनिटांत कवच तांबडे होते आणि मांस काचेसारखे होते ते पांढरे दिसू लागते. उरलेले वाटण मधून मधून लावत राहावे. शेवटी मांसाची बाजू एक-दीड मिनिट खाली करावी आणि उतरवावे. जास्त भाजले की रबर होते, मग हॉटेलवाल्याला आणि आपल्याला सारखाच पश्चात्ताप!

दोन शेवंडी, पंचवीस तोंडे

आता हिशेब. दोन शेवंडींचे वजन आठशे ग्रॅम. मांस निघते तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे पाव किलो. आम्ही पंचवीस जण. एकेकाच्या वाट्याला दहा ग्रॅम! मुलांनी बोटे चाटली आणि पुढे काय म्हणून पाहू लागली.

पुढे बांगडे होते. तेच वाटण, तीच जाळी. बांगड्याला दोन्ही बाजूंनी चिरा देऊन मसाला भरला आणि भाजला. शेवंडीच्या एका फाकेच्या पैशात घरभर बांगडा होतो. शिणाणेही जाळीवर ठेवले की आपोआप तोंड उघडतात, वरून आगळाचे दोन थेंब टाकले की झाले. खरे सांगायचे तर बांगड्याचीच जास्त मागणी झाली.

आणि कवच फेकले नाही. आत्याने डोकी, पाय, कवच पाट्यावर ठेचले, कांदा-लसणावर परतले, सहा पेले पाणी घालून वीस-पंचवीस मिनिटे उकळले आणि फडक्यातून गाळले. त्यात नारळाचा रस, चार आमसुले, दोन मिरच्या आणि मीठ. नारळाचा रस घातल्यावर खळखळून उकळायचे नाही, नाहीतर फुटतो. त्या सारावर पंचवीस जणांचा भात झाला. आमच्या आज्या ओहोटीला खुबे, कालवं, कुर्ल्या वेचून आणत आणि त्यांचे असेच सार करून दहा माणसांचे घर जेवू घालत. ज्या दिवशी तेही मिळत नसे, त्या दिवशी जवळ्याची चटणी. काही वाया न घालवण्याची ही रीत आपल्याकडे गरिबीने आली. पण आता चार पैसे हातात आले म्हणून ती सोडावी असे नाही.

पाळले की मोडले?

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे येते. 'पाणातिपाता वेरमणी' आपण दर वंदनेला म्हणतो. त्याचा अर्थ मांस-मच्छी वर्ज्य असा आपल्यातले काही जण लावतात. ते शाकाहार पाळतात, त्यांना माझा नमस्कार. पण बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना एक भेद दाखवला आहे. मारण्याची इच्छा वेगळी आणि मारण्याची गरज वेगळी. जिथे गरज नाही, नुसती मारण्याची इच्छाच आहे, त्या हत्येला बुद्धांनी मनाई केली, असे ते सांगतात. म्हणजे हा आंधळा नियम नाही, तत्त्व आहे. नियम पाठ करता येतो. तत्त्व वापरायला प्रत्येक वेळी डोके चालवावे लागते.

ते तत्त्व मी शेगडीजवळ आणून पाहते. समुद्रकाठच्या माणसाला मासळी खाण्याची गरज आहे, मच्छीमाराला विकण्याची गरज आहे. अंड्याने भरलेली मादी शिजवण्याची कोणाला गरज आहे? तिच्याऐवजी दुसरी मिळते. बोटाएवढे पिल्लू भाजण्याची कोणाला गरज आहे? जिवंत शेवंड निखाऱ्यावर तडफडत ठेवण्याची गरज तर कोणालाच नाही, बर्फ दहा रुपयांत मिळतो. माझ्यापुरते मला असे वाटते, की आम्ही सोडली ती एक शेवंड शिलाच्या बाजूची होती. खाल्लेल्या दोन जाणीव ठेवून खाल्ल्या. यावर कोणाचे वेगळे मत असेल तर त्यांनी जरूर मांडावे. धम्मात प्रश्न विचारायला बंदी नाही.

तीनशे चाळीस रुपयांचा प्रश्न

पण एक गोष्ट मनातून जात नाही. आम्ही वर्गणी काढली म्हणून ती शेवंड सुटली. उद्या आम्ही तिथे नसू. मग? दयेवर चाललेले काम दया असेपर्यंत चालते. बाबासाहेबांनी आपल्याला दया मागायला शिकवले नाही, हक्क आणि कायदा शिकवला. याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या कुळांसाठी त्यांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोत चांगला निघाला तर कुळाचे बरे, अशी आशा धरून ते बसले नाहीत. त्याआधी १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्यावर त्यांनी हेच सांगितले, की जे सर्वांचे आहे त्यावर सर्वांचा हक्क आहे.

समुद्रही सर्वांचाच आहे. त्याला खोत नाही. पण मोठे यंत्र आणि मोठे भांडवल घेऊन जो तळ खरवडून नेतो, तो न लिहिलेला खोतच होतो. आणि होडीवाला खारवी, भंडारी, दालदी त्याचे कूळ. एक शेवंड परत टाकण्याचा उपदेश होडीवाल्याला करायचा आणि ट्रॉलरकडे पाहायचेही नाही, याला न्याय म्हणत नाहीत.

अमेरिकेतल्या मेन राज्यात शंभर वर्षांहून जुनी रीत आहे. अंड्याची मादी सापळ्यात आली की मच्छीमार तिच्या शेपटीच्या पंखाला खाच पाडतो आणि तिला सोडतो. पुढे ती अंड्याविना सापडली तरी खाच पाहून कोणी धरायची नाही. फार लहान धरायची नाही आणि फार मोठीही धरायची नाही. हा कायदा आहे आणि सर्वांना सारखा आहे. म्हणून सोडणाऱ्याला आपण फसलो असे वाटत नाही. आज मी सोडलेली उद्या शेजारी विकणार नाही, हा भरवसा असला की माणूस सोडतो. आपल्याकडेही मच्छीमार सोसायट्यांनी ठराव करावा, हॉटेलवाल्यांनी अंड्याची शेवंड घेणार नाही अशी पाटी लावावी, मत्स्य खात्याने मोठ्या नौकांची तपासणी आधी करावी. आपल्या मंडळांनी याची निवेदने द्यावीत. आमच्या मंडळाने पहिले निवेदन लिहायला घेतले आहे.

तोपर्यंत गिऱ्हाईक म्हणून आपल्या हातात एवढे आहे. सहलीला गेलात आणि हॉटेलात शेवंड मागितलीत, तर ती आधी जिवंत दाखवायला सांगा, उलटी करायला सांगा, वजन विचारा. दोन पाट्या पलीकडे तोच प्रश्न दुसऱ्या बाईने विचारला की हॉटेलवाला बाजारात जाऊन तोच प्रश्न विचारू लागेल.

निघायच्या दिवशी आत्याला म्हटले, "तो होडीवाला आपले तीनशे चाळीस रुपये घेऊन हसत असेल." आत्या म्हणाली, "हसू दे. परवा आला होता. म्हणाला, काल परत एक अंड्याची लागली. टाकली." मी विचारले, "पैसे मागितले?" आत्याने पाट्यावरून मान वर न करता सांगितले, "नाही. बांगडे तेवढे दोन रुपयांनी वाढवून दिलेन."

नमो बुद्धाय, जय भीम.